कोळशाच्या गावांची पूर्वस्थिती लिहून ठेवा
(राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालकांस खुले पत्र)

मा. संचालक,
अर्थ व सांख्यिकी संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई
यांचे सेवेशी,



राज्याचा अर्थसंकल्प मांडला जाण्याच्या आदल्या दिवशी विधिमंडळापुढे ठेवली जाणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ आपल्या संचालनालयाच्या दप्तरातून सिद्ध होते, आणि राज्याच्या प्रकृतीचे इतके तपशीलवार व इतक्या नेमाने वर्णन करणारा दुसरा दस्तऐवज महाराष्ट्रात नाही, अशी माझी समजूत आहे. त्या ग्रंथातील ऊर्जेच्या भागात औष्णिक, जल, पवन आणि सौर अशा प्रत्येक मार्गाची स्थापित क्षमता किती मेगावॅट, निर्मिती किती दशलक्ष युनिट, आणि शेती, उद्योग व घरे यांच्या वाट्याला तिच्यातली किती आली, याची कोष्टके असतात. परंतु ती सारी वाचून संपल्यावरही, ज्या गावच्या गायरानावर सौरपटले उभी राहिली त्या गावच्या मेंढपाळाने आपला कळप कोठे वळवला, ज्या खदानीतला कोळसा उद्या कमी उचलला जाणार तिच्या नाक्यावर टिप्पर चालवणाऱ्या ठेकेदारी कामगाराने पुढची काय तजवीज केली, आणि या सगळ्या स्थित्यंतराविषयी त्या दोघांचे मत तरी काय आहे, हे कळण्याची सोय तेथे नाही. ती सोय आपण करावी, आणि पालट पुरा होण्याच्या आत करावी, एवढ्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोळसा मागे पडून सूर्य व वारा यांची वीज पुढे यावी, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथील हवामान परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. ते वचन पाळले जावे असे मला मनापासून वाटते. रात्रीच्या पाळीची लाइट आली म्हणजे पौषाच्या गारठ्यात, हाती बॅटरी घेऊन, पायाखाली साप आहे की काटकी याची खात्री नसताना आणि जुन्नर-शिरूरकडे तर बिबट्या उसाच्या कोणत्या सरीत बसला असेल हे ठाऊक नसताना, जो शेतकरी दारे धरायला जातो, त्याला दिवसा वीज मिळणे ही सोयीहून फार मोठी गोष्ट आहे. ते त्याच्या जिवाचे रक्षण आहे. २०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ पासून नव्या रूपात विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे श्रेय या एका कारणासाठीही द्यावे लागेल. खाजगी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्या खातेदारास हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ, अशी तिची तरतूद आहे. कोरडवाहू मुलखात हे उत्पन्न लहान नव्हे.

पण भाडे खातेदाराला मिळते, आणि खाते ज्याच्या नावावर नाही तो या हिशेबात कोठेच येत नाही. मराठवाड्यात गायरान जमिनी दोन-दोन पिढ्या कसणारी भूमिहीन कुटुंबे, ज्यांत दलितांची संख्या मोठी आहे, महसुली दप्तरात अतिक्रमणदार म्हणून नोंदलेली असतात, किंवा मुळीच नोंदलेली नसतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ या साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले ते याच प्रश्नावर. तो प्रश्न अजून निकाली निघालेला नाही. अशा गायरानावर सौर प्रकल्पाची आखणी होते तेव्हा कागदावर ती मोकळी सरकारी जमीन असते, ग्रामसभेचा ठराव बिनतक्रार मंजूर झालेला असतो, आणि ज्याची ज्वारी त्या जमिनीवर उभी होती तो त्या सभेत हजर होता की नव्हता, हजर असून बोलला की गप्प बसला, आणि गप्प बसला तर संमतीने की भयाने, हे विचारण्याचे काम कोणत्याही खात्याकडे सोपवलेले नसते. ठरावाच्या इतिवृत्तात मौन आणि मान्यता एकाच वाक्यात लिहिली जातात. पाहणीचे शास्त्र या दोहोंना वेगळे करू शकते, आणि म्हणूनच मी महसूल खात्याऐवजी आपल्याकडे आलो आहे.

महाराष्ट्राने असे एक स्थित्यंतर यापूर्वी पाहिलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशाच्या धुराने आकाश काळे करीत असताना, सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते घाटाखाली सोडावे आणि त्या विजेवर गिरण्या चालवाव्यात, या कल्पनेतून टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही वीजकेंद्रे झाली. धूर कमी करणारी, स्वदेशी भांडवलाची आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने निःसंशय थोर अशी ही योजना होती. तिच्यातील मुळशीच्या धरणासाठी पन्नासांहून अधिक गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार हे कळल्यावर १९२१ च्या एप्रिलात मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला, आणि सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. त्या लढ्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट विशेष बोचते. ज्यांची कागदोपत्री मालकी होती अशा पुण्यातील सावकार-जमीनदारांपैकी अनेकांचा कल मोबदला घेण्याकडे होता. ज्यांचे पाय पिढ्यान्‌पिढ्या त्या चिखलात होते त्या कुळांचा कल जमीन न सोडण्याकडे होता. मोबदला उचलला गेला म्हणजे जनतेची संमती मिळाली असे मानावयाचे तर संमती होती. पण ती नव्हती, याचा पुरावा सत्याग्रहाच्या रूपाने सगळ्या महाराष्ट्रासमोर उभा राहिला. उठलेल्या गावांतील माणसे पुढे कोठे गेली, काय कमावू लागली, त्यांच्या मुलांचे काय झाले, याची पद्धतशीर नोंद कोणी ठेवली नाही. कोयनेच्या बाबतीतही तेच. तिची वीज १९६२ पासून राज्याला मिळू लागली, आणि तिचे धरणग्रस्त अनेक जिल्ह्यांत विखुरले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला सर्वंकष कायदा १९७६ साली आला, तोवर त्यांची एक पिढी उलटत आली होती. आज त्या कुटुंबांच्या मागण्यांवर वाद होतात तेव्हा मूळ स्थिती काय होती यावरच दोन्ही पक्षांचे एकमत होत नाही, कारण ती वेळीच लिहिलेली नाही. आणि हा विषय केवळ इतिहासाचा नाही: आता त्याच भिवपुरीच्या परिसरात आणि घाटमाथ्यावर इतरत्र, पाणी पुन्हा वर चढवून वीज साठवणाऱ्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे करार झाले आहेत.

ही नोंद करण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे म्हणता येत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घर न् घर पाहणी करून १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली: जमिनीचे तुकडे किती, कर्ज कोणाचे व कशासाठी, कोणत्या कुटुंबाचे वर्ष अखेरीस भागते आणि कोणाचे भागत नाही. आज त्या गावच्या शेतांवर उंच इमारतींची दाटी आहे. तरीही तेथील शेतकरी एकेकाळी कसा जगत होता हे आपणांस ठाऊक आहे, ते कोणीतरी वेळीच लिहून ठेवले म्हणून. त्याहून प्रस्तुत विषयाला जवळचे उदाहरण धनंजयराव गाडगीळांचे. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची जी पाहणी गोखले अर्थशास्त्र संस्थेने केली आणि १९४८ साली प्रसिद्ध केली, तिच्यात कालव्याखालची गावे आणि कालव्याचे पाणी न पोहोचलेली शेजारची गावे यांची तुलना करून, पाण्यामुळे उसाचे उत्पन्न किती वाढले एवढ्यावर न थांबता, मजुरी, रोजगार, व्यापार, कर्ज यांच्यावर काय परिणाम झाला याचा शोध घेतलेला आहे. सरकारने कालवा बांधला, खर्च केला, पाणीपट्टी किती आली हे सरकारी हिशेबात होतेच. गाडगीळांनी विचारले की समाजाला काय मिळाले, आणि त्याचे उत्तर त्यांनी अंदाजाने दिले नाही. सौर वाहिनीच्या आणि कोळशाच्या गावांसाठी मला नेमका हाच प्रश्न हवा आहे. शिस्तही हीच हवी.

कायद्याने ही नोंद होत असेल, असा समज पुष्कळ सुशिक्षितांचा असतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याची मोठी थोरवी अशी की बाधित कुटुंबाच्या व्याख्येत त्याने भूमिहीन शेतमजूर, कूळ व कारागीर यांनाही घेतले आहे, फक्त ते आधीची तीन वर्षे त्या क्षेत्रावर पोट भरीत असले पाहिजेत. पण जमीन संपादन न करता भाडेपट्ट्याने किंवा थेट खरेदीने घेतली, अथवा ती मुळातच शासनाची असली, की हे सारे प्रकरण लागू होत नाही. पर्यावरण परिणामांविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेखाली सौर प्रकल्पांना पूर्वपरवानगीची अट नाही, म्हणून जनसुनावणीही नाही. स्वच्छ ऊर्जेला अडथळा होऊ नये या सद्हेतूने ही सूट दिली गेली असेल. तिचा परिणाम मात्र असा झाला की ज्या उद्योगाने न्यायाचा आदर्श घालून द्यावा अशी अपेक्षा, त्याच उद्योगात बाधितांचे म्हणणे नोंदवण्याचे दोन्ही दरवाजे बंद आहेत. २०१८ च्या जानेवारीत धुळे जिल्ह्यातील विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने सौर प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची दाद मागत मंत्रालयात विष घेतले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. विखरण परिसरातील किती कुटुंबांची तीच भावना होती, हे त्या दिवशी मंत्रालयात कोणालाही सांगता आले नसते.

आता चंद्रपूर. या जिल्ह्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी, कारण स्थित्यंतराचा खरा भार महाराष्ट्रात कोठे पडणार असेल तर तो चंद्रपूर, वणी व उमरेड या कोळशाच्या पट्ट्यावर. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र आज २,९२० मेगावॅटचे आहे. त्याचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच केव्हाच निवृत्त झाले. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक परिसरांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून देशात चौथा क्रमांक लागला. हवा, पाणी व जमीन यांचे मापन झाले ही चांगलीच गोष्ट. त्यामुळेच निर्बंध आले आणि चर्चा झाली. पण त्या हवेत जगणाऱ्या माणसाला कोळशाविषयी काय वाटते, याचा निर्देशांक कोणी काढलेला नाही, आणि तो काढणे सोपेही नाही. दुर्गापूर, घुग्घुस, सास्ती, बल्लारपूर या भागांत एकाच घरात धाकट्याला राखडीने दमा आणि थोरल्याला त्याच राखडीच्या वाहतुकीत रोजगार, अशी स्थिती असते. ज्याने जमीन देऊन वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये नोकरी मिळवली, त्याला वेतन कराराचा पगार, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आहे. त्याच्याच शेजारी राहणारा ठेकेदाराचा ड्रायव्हर, सायडिंगवरचा हमाल, नाक्यावर चहाची टपरी चालवणारी बाई, खदानीच्या कडेने वेचलेला कोळसा सायकलवर लादून शहरात विकणारा माणूस, यांच्यापैकी कोणाचेही नाव कंपनीच्या हजेरीपटावर नाही. खदान बंद झाली तर पहिल्याची बदली होईल. बाकीच्यांचे काय होईल हे ठरवण्यासाठी आधी ते किती आहेत हे माहीत पाहिजे. आज ते माहीत नाही. राज्यस्तरीय नमुना पाहण्या अशा प्रश्नासाठी आखलेल्याच नसतात. त्यांच्यातून राज्याचा बेकारीचा दर कळेल, राजुरा तालुक्यातील टिप्परचालकाचा संसार कळणार नाही.

मत विचारण्याच्या बाबतीत एका सावधगिरीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. येल विद्यापीठाने भारतीयांच्या हवामानविषयक मतांच्या ज्या पाहण्या केल्या, त्यांत असे दिसले की जागतिक तापमानवाढ या विषयाबद्दल आपण फारसे ऐकलेले नाही असे सांगणारे लोक पुष्कळ होते, पण त्याचा अर्थ दोन वाक्यांत समजावून दिल्यावर ती घडत आहे असे म्हणणारे बहुसंख्य झाले. प्रश्नाच्या शब्दांवर उत्तर किती अवलंबून असते ते यावरून दिसेल. कोळशाची वीज जाऊन सूर्याची वीज यावी का, असे घुग्घुसमध्ये विचारले तर होकार मिळेल. आणि तुमच्या गावची खदान बंद होणार असून दुसऱ्या कामाची लेखी हमी कोणी देत नाही, तरीही ती व्हावी का, असे त्याच माणसाला विचारले तर कदाचित तो उठून जाईल. पहिले उत्तर घेऊन जनतेचा पाठिंबा जाहीर करणे हे असत्य ठरेल, आणि दुसरे घेऊन जनतेचा विरोध जाहीर करणे हेही. दोन्ही प्रश्न त्याच माणसाला, त्याच बैठकीत विचारून दोन उत्तरांतले अंतर मोजावे. किती वेतनाची, किती वर्षांची, कोणाच्या हमीची अट घातली की ते अंतर मिटते, हे विचारावे. धोरण आखणाऱ्याला उपयोगी पडेल असा आकडा तो आहे.

विचारणारा कोण, यालाही तितकेच महत्त्व आहे. तलाठी किंवा ग्रामपंचायत अधिकारी विचारू लागला की गरीब माणूस आपले रेशनकार्ड आठवतो आणि साहेबांना रुचेल ते सांगतो. कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागाचा माणूस विचारू लागला की तोच गरीब माणूस अर्ज करतो. बाहेरच्या जिल्ह्यातील अन्वेषक, समाजकार्य महाविद्यालयांतील प्रशिक्षित मुले-मुली, गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाचे विद्यार्थी अशांकडे हे काम द्यावे. स्त्रियांना स्वतंत्रपणे, स्त्रियांनीच विचारावे, कारण घरातील कर्त्या पुरुषाच्या उत्तरात पाणी, धूळ आणि आजारपण यांचा उल्लेख शेवटी येतो व बाईच्या उत्तरात तो आधी येतो. प्रश्नावली मंत्रालयीन मराठीत छापून पाठवली तर ती जिवती-राजुऱ्याच्या गोंडी व तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत आणि झाडीबोलीच्या गावांत निरुपयोगी ठरेल.  

मला ठाऊक आहे की लोकांना विचारायला गेले की विरोधाला तोंड फुटते आणि प्रकल्प रखडतात, असा आक्षेप काही अधिकारी खाजगीत घेतात. हा आक्षेप मला मान्य नाही, आणि तो सौम्य शब्दांत फेटाळण्याची माझी इच्छाही नाही. विरोध असेल तर तो विचारण्याआधीही असतो. न विचारल्याने तो कळतो तेव्हा मोर्चाच्या, न्यायालयीन स्थगितीच्या किंवा त्याहून दुःखद रूपाने कळतो. जर्मनीने २०२० साली कोळसा २०३८ पर्यंत बंद करण्याचा कायदा केला, त्याच्या आधी खाणकामगारांच्या संघटना, उद्योग, खाणप्रदेशांचे प्रतिनिधी आणि पर्यावरणवादी यांना एका आयोगात बसवले, आणि खाणप्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत रक्कम राखून ठेवली. तेथेही सगळे समाधानी झाले नाहीत. पण कोणत्या प्रदेशात कोण, कशावर अवलंबून आहे, याची माहिती टेबलावर होती. आपल्याकडे झारखंड राज्याने २०२२ साली न्याय्य स्थित्यंतरासाठी कृतिदल नेमले. महाराष्ट्राने निदान मोजणीला प्रारंभ करावा.

आपल्या संचालनालयाला यासाठी नवे खाते उभारण्याची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्यात आपले सांख्यिकी कार्यालय आहे, राष्ट्रीय नमुना पाहणीत राज्याचा नमुना घेणारे अनुभवी अन्वेषक आपल्याकडे आहेत, आणि प्रत्येक जिल्ह्याचे ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ आपण काढताच. चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या तीन जिल्ह्यांतील कोळशाच्या तालुक्यांत, तसेच सौर कृषी वाहिनीसाठी गायरान दिलेल्या गावांपैकी काही निवडक गावांत, आणि तुलनेसाठी त्यांच्या शेजारच्या प्रकल्प नसलेल्या गावांत, कुटुंबांचा एक स्थिर नमुना निवडावा. खातेदार नसलेल्या कुटुंबांना त्यात त्यांच्या खऱ्या संख्येच्या प्रमाणात जागा असावी. आणि त्याच कुटुंबांकडे दर दोन वर्षांनी परत जावे, ती स्थलांतरित झाली असतील तर जेथे गेली असतील तेथे जावे. मिळकत, कर्ज, आरोग्य, मुलांची शाळा यांच्या जोडीला त्यांचे मत, त्याची अट आणि त्यांचा शासनावरील विश्वास हेही नोंदवावे. हे आकडे नावे वगळून, पण तालुकावार, प्रसिद्ध करावेत. ते शासनाला गैरसोयीचे ठरले तरी करावेत.

पहिल्या फेरीला उशीर झाला तर नंतरच्या सर्व फेऱ्यांचे मोल कमी होईल, कारण खदान बंद झाल्यानंतर कोणाची मिळकत किती होती हे आठवणीवर अवलंबून राहील आणि गायरानावर कुंपण पडल्यानंतर तेथे किती जनावरे चरत होती हे कोणी मान्य करणार नाही. सबब, येत्या आर्थिक पाहणीत स्थापित क्षमतेच्या कोष्टकाशेजारी या पाहणीची आखणी जाहीर करावी, आणि तिच्यासाठी लागणारी तरतूद नियोजन विभागाकडे याच वर्षी मागावी, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.



आपला विश्वासू,
महाराष्ट्राचा एक नागरिक